‘सौम्य’ म्हणजे किती? चयापचयाचा आनुवंशिक दोष आणि मुलाचं वागणं

रिपोर्टवर ‘सौम्य’ असं वाचलं की आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. साहजिक आहे. पण तो शब्द रक्तातल्या आकड्याबद्दल असतो. एखादं एन्झाइम, म्हणजे शरीरात एका पदार्थाचा दुसरा पदार्थ बनवणारं प्रथिन, नेहमीपेक्षा कमी काम करतंय, एखादा पदार्थ थोडा साचतोय किंवा थोडा कमी पडतोय, एवढंच त्यातून कळतं. मूल सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी तिसरी का विसरतं, गणितात मध्येच का हरवतं, ताप आला की चार दिवस वेगळंच का वागतं, याचं उत्तर त्या शब्दात शोधू नका.

हा लेख दोन प्रकारच्या घरांसाठी आहे. निदान नुकतंच झालंय आणि सगळे शब्द नवे आहेत, असं एक घर. शाळेतून तक्रारी येताहेत आणि डॉक्टरांनी ‘चयापचयाच्या तपासण्या करून पाहू’ म्हटलंय, असं दुसरं. मुलांच्या बौद्धिक आणि वर्तनाच्या चाचण्या घेणं हे माझं काम. आहार आणि औषधांचं प्रमाण ठरवणं चयापचयतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांचं. त्यांच्यासमोर बसताना काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं, ते मी सांगते.

पायरी 1: आजाराचं पूर्ण नाव आणि आकडा लिहून घ्या

‘चयापचयाचा आजार आहे’ हे वाक्य ‘पोटात दुखतंय’ इतकंच मोघम आहे. अशा आनुवंशिक आजारांची 2021 मधली आंतरराष्ट्रीय यादी 1400 च्या वर जाते. म्हणून डॉक्टरांना विचारायचं: कोणतं एन्झाइम, साचतं काय आणि कमी पडतं काय, आज पातळी किती, ती किती असायला हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही पातळी अचानक उसळू शकते का?

या शेवटच्या प्रश्नावर घरातली पुढची सगळी रीत ठरते. फेनिलकीटोन्युरियात, म्हणजे पीकेयूत, फेनिलअलानिन हा प्रथिनांतला पदार्थ रक्तात साचतो आणि नुकसान हळूहळू होतं. ते एका दिवसात दिसत नाही, पण महिनोन्‌महिने साठत राहतं. युरिया चक्र म्हणजे प्रथिनांतून तयार होणारा अमोनिया निकामी करणारी यकृतातली यंत्रणा. तिच्या दोषांत एरवी सगळं ठीक असतं आणि एखाद्या तापात अमोनिया भराभर चढतो. एमकॅड या दोषात शरीराला चरबीतून पुरेशी ऊर्जा काढता येत नाही. नीट सांभाळलेल्या मुलांची बुद्धी सहसा चांगली असते, धोका असतो तो उपाशी राहण्याचा. बायोटिनिडेज हे एन्झाइम कमी असेल तर रोज बायोटिन हे जीवनसत्त्व देऊन बहुतेक प्रश्न मिटतो, मात्र ते चुकवून चालत नाही.

आणि काही वेळा ‘सौम्य’ म्हणजे खरोखरच काही नाही. गॅलेक्टोसेमिया म्हणजे दुधातल्या साखरेचा एक भाग शरीराला नीट वापरता न येणं. त्याचा ड्युआर्टे हा प्रकार घ्या. त्यात बाळाचं दूध बंद करावं का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. 2019 मध्ये अमेरिकेत 6 ते 12 वर्षांच्या 350 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा प्रकार असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या विकासात फरक आढळला नाही, बाळपणी दूध प्यायलेल्यांतही नाही. तेव्हा नाव कळण्याआधी घाबरू नका, आणि निश्चिंतही होऊ नका.

एकक नीट बघा, हे मी प्रत्येकाला सांगते. फेनिलअलानिन काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, काही ठिकाणी मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. एकाचे साधारण 60 होतात. मागच्या रिपोर्टवर 6 होते आणि या वेळी 360 आले म्हणून रडवेली झालेली आई मी पाहिली आहे. दोन्ही आकडे एकच होते.

पायरी 2: रक्तातला आकडा मेंदूत काय करतो ते समजून घ्या

एक उदाहरण नीट कळलं की बाकीचे आजार समजायला सोपे जातात. ते उदाहरण पीकेयूचं, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त काम झालं आहे. 1934 मध्ये नॉर्वेतल्या असब्यर्न फ्योलिंग या डॉक्टरांनी दोन भावंडांच्या लघवीत हा दोष ओळखला. 1953 मध्ये बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी फेनिलअलानिन कमी असलेला आहार देऊन एका मुलीत सुधारणा दाखवली. पुढे 1960 च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या पद्धतीमुळे बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब कागदावर टिपून तपासणी होऊ लागली. सौम्य प्रकार मोठ्या संख्येने दिसायला लागले ते यानंतर. त्याआधी अशी मुलं ‘हुशार आहे पण लक्ष नाही’ या शेऱ्याखाली मोठी होत असणार.

फेनिलअलानिन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. यकृतातलं एन्झाइम त्याचं टायरोसिन बनवतं आणि टायरोसिनपासून मेंदू डोपामिन हे संदेश नेणारं रसायन तयार करतो. आता अडचण अशी, की फेनिलअलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन हे आणखी एक अमिनो आम्ल, हे तिघेही रक्तातून मेंदूत जाताना एकाच वाहकावर बसतात. जागा मोजक्या. फेनिलअलानिनची गर्दी झाली की बाकीचे दोघे बाहेर ताटकळतात. टायरोसिन कमी पोचलं की डोपामिन घटतं, ट्रिप्टोफॅन कमी पोचलं की सेरोटोनिन हे दुसरं संदेशवाहक रसायन. कपाळामागचा मेंदूचा जो भाग लक्ष टिकवतो, घाई आवरतो आणि चालू कामाच्या गोष्टी डोक्यात धरून ठेवतो, त्याला डोपामिनची ही तूट फार लवकर जाणवते. अॅडेल डायमंड आणि सहकाऱ्यांचं याविषयीचं काम 1997 मध्ये प्रसिद्ध झालं. लहानपणापासून आहार पाळलेल्या, पण पातळी नेहमीच्या 3 ते 5 पट, म्हणजे 360 ते 600 मायक्रोमोलच्या घरात असलेल्या मुलांकडे त्यांनी पाहिलं. तोवर ही पातळी बऱ्याच ठिकाणी ठीक समजली जायची. गोष्ट लक्षात ठेवून त्याच वेळी मोह आवरायचा, अशा कामांत ही मुलं मागे पडत होती.

अशी कामं म्हणजे नेमकं काय? एक अगदी साधी चाचणी आहे, लहान मुलांची. सोळा पत्ते. काहींवर सूर्य, काहींवर चांदण्यांतला चंद्र. सूर्य दिसला की ‘रात्र’ म्हणायचं, चंद्र दिसला की ‘दिवस’. मूल हसतं, नियम बरोबर सांगून दाखवतं. पहिले चार-पाच पत्ते जमतात. सहाव्या-सातव्याला वेग मंदावतो, ओठ हलतात, शब्द बाहेर येत नाही. दहाव्या पत्त्यावर सूर्य दिसतो आणि मूल पटकन ‘दिवस’ म्हणून जातं. लगेच स्वतःच जीभ चावतं. नियम विचारला तर अजूनही बिनचूक सांगतं! नियम ठाऊक होता, तो डोक्यात धरून तोंडावर आलेला शब्द गिळायचा हे दोन्ही एका वेळी झेपलं नाही. ‘सांगितलेलं कळतं, मग करत का नाही?’ ही शिक्षकांची तक्रार मला या दहाव्या पत्त्यापाशी कळली. नुसत्या याच चाचणीवरून निदान होत नाही, हेही सांगून ठेवते. वयाने लहान असलेली निरोगी मुलंही इथे अडखळतात.

पायरी 3: घरी काय बघायचं

बुद्ध्यांकाच्या मागे लागू नका. सौम्य दोषात तो बहुतेक वेळा सर्वसाधारण असतो. बघायचं ते काम पार पाडण्याच्या पद्धतीकडे. मूल सुरुवात करायला किती वेळ घेतं? एका कामातून दुसऱ्याकडे वळताना अडतं का? उत्तर बरोबर येतं पण फार सावकाश येतं का? दिवसभर शाळेत नीट राहून घरी आल्यावर छोट्या कारणावरून फुटतं का? थोड्या मोठ्या मुलांत चिंता, खिन्नता, मित्रांपासून दूर राहणं जास्त दिसतं. अशा मुलाला सगळ्यात आधी चिकटणारं विशेषण म्हणजे ‘आळशी’. ते घरात बंदच करा.

युरिया चक्राच्या सौम्य दोषाची चिन्हं वेगळी. मूल मांस, अंडी, दूध असे प्रथिनांचे पदार्थ आपणहून टाळतं. ते नखरे नसतात, त्या पदार्थांनंतर बरं वाटत नाही हे त्याच्या शरीराला कळलेलं असतं. मधूनमधून उलट्या, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, नशा केल्यासारखी चाल किंवा एकदम चिडखोरपणा, आणि दोन दिवसांनी सगळं जागेवर. या दोषांतल्या ओटीसी या प्रकाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलींच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कामात असतो. त्यामुळे यकृताच्या किती पेशींत बिघडलेला एक्स चालू राहिला यावर त्रास ठरतो. एकाच घरातल्या दोघी बहिणींपैकी एकीला काहीच नसतं आणि दुसरी परीक्षेच्या ताणात गडबडते.

होमोसिस्टिन्युरियात, म्हणजे होमोसिस्टिन हे अमिनो आम्ल साचण्याच्या दोषात, अभ्यासात मागे पडण्याबरोबर चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढतो, हातपाय लांबसडक दिसतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्यातलं भिंग सरकलेलं दिसलं आणि तिथून या आजाराचा पत्ता लागला, असं होतं. यातल्या सुमारे निम्म्या रुग्णांना ब 6 जीवनसत्त्वाचा उपयोग होतो.

पायरी 4: वही घाला

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. सहा आठवडे, रोज दोन ओळी. तारीख, झोप, खाणं नेहमीसारखं की कमी-जास्त, आजारपण, आणि वागण्यातली एक ठळक गोष्ट. ‘फार त्रास दिला’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. अशा नोंदी करा:

मंगळवार. रात्री ताप, फक्त पाणी आणि थोडं सरबत. बुधवार. ताप गेला, तरी बुटाची नाडी बांधायला तीनदा सांगावं लागलं. गुरुवार. बहिणीला ढकललं, नंतर रडला. शनिवार. नेहमीसारखा.

पीकेयूच्या मुलाचं हे पान असेल तर डॉक्टरांना बरंच काही सापडतं. तापात मुलाने प्रथिनं खाल्लीच नव्हती, तरी पातळी चढली असणार. बाहेरून ऊर्जा मिळाली नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि त्यातून फेनिलअलानिन सुटतं. ‘काही खाल्लंच नाही, मग आकडा वाढला कसा?’ हा नव्या पालकांचा हमखास प्रश्न, आणि त्याचं उत्तर हे आहे. म्हणून आजारपणात आहारतज्ज्ञ प्रथिनांपेक्षा आधी पुरेशा कॅलरींची काळजी करतात.

वही मुलासमोर लिहू नका. चांगले दिवसही लिहा, नाहीतर ती नुसती तक्रारवही होते. आणि सहा आठवड्यांनंतर शरीराचा नि वागण्याचा काहीच मेळ दिसला नाही, तर तेही उपयोगाचं आहे. आजार असलेल्या मुलालाही कमी ऐकू येऊ शकतं, झोप अपुरी पडू शकते, वर्गात कुणी छळत असू शकतं. सगळं खापर एन्झाइमवर फोडू नका.

पायरी 5: तपासणी योग्य वेळी करा

निदान व्हायचं असेल तर इंटरनेटवर वाचून आधीच आहार बदलू नका. प्रथिनं कमी केली की रक्तातल्या खुणा फिकट होतात आणि निदान लांबतं. स्वमग्नता किंवा चंचलता ‘बरी करणारे’ आहार विकणारे पुष्कळ आहेत. तपासणीआधी त्यांच्या नादाला लागलेल्या मुलाचं नुकसान दुहेरी होतं.

डॉक्टर साधारणपणे रक्तातली साखर, अमोनिया, लॅक्टेट, अमिनो आम्लं, असिलकार्निटिन, होमोसिस्टिन आणि लघवीतली सेंद्रिय आम्लं यांतून सुरुवात करतात. पुढे संशयानुसार सेरुलोप्लाझ्मिन, युरिक आम्ल, क्रिएटिन वगैरे. जनुकीय चाचणीही आता लवकर सुचवली जाते. सौम्य दोषात मधल्या काळातले रिपोर्ट साफ येऊ शकतात. म्हणून ‘पुढच्या वेळी असा त्रास उसळला की लगेच कोणते नमुने घ्यायचे’ हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. अमोनियाचा नमुना तर फारच नाजूक असतो. दंड आवळून बांधला, मूल जोरात रडत-झगडत राहिलं किंवा नळी बर्फात न ठेवता तासभर पडून राहिली, तर आकडा खोटाच वाढतो. लगेच प्रयोगशाळेत जाणार ना, एवढं विचारायला लाजू नका.

पीकेयूच्या नेहमीच्या तपासणीत रक्त दर वेळी एकाच वेळेला घ्या, शक्यतो सकाळी, काही खाण्यापिण्याआधी. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. 2017 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत 12 वर्षांपर्यंत 120 ते 360 आणि त्यानंतर 120 ते 600 मायक्रोमोल असं लक्ष्य आहे. अमेरिकेतले तज्ज्ञ 120 ते 360 हेच जन्मभर ठेवायला सांगतात. तुमचे डॉक्टर कुठलं धरतात ते विचारा. सरासरीइतकंच चढउतारांकडे बघा. आज 150 आणि पंधरा दिवसांनी 550, असा झोका दिसला तर तो सरासरीच्या आड लपू देऊ नका.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर उपाय असलेला आजार निसटू नये म्हणून. व्हँकुव्हरच्या क्लारा व्हॅन कार्नेबीक आणि सिल्व्हिया श्टॉकलर यांनी 2012 मध्ये बौद्धिक अक्षमतेला कारण ठरणारे पण उपचार असलेले 81 चयापचय आजार मोजले होते. 2021 मध्ये ती यादी 116 वर गेली.

पायरी 6: मानसशास्त्रीय चाचणी मागताना काय म्हणायचं

‘आयक्यू काढून द्या’ म्हणालात तर आयक्यूच मिळेल, आणि तो 104 आला की सगळे घरी जातील. ‘लक्ष, काम करतानाची स्मरणशक्ती, आवर घालण्याची क्षमता, कामाचा वेग आणि नियोजन हे वेगवेगळं तपासा’ असं सांगा. आजाराचं नाव, अलीकडचे आकडे आणि वही सोबत न्या. शक्य असेल तर त्याच आठवड्यात रक्तही तपासून घ्या. ताप नुकताच उतरलेल्या मुलाची चाचणी पुढे ढकला.

पहिली चाचणी शाळेच्या सुरुवातीला, मग दर दोन-तीन वर्षांनी आणि अभ्यासाचा बोजा वाढतो त्या टप्प्यावर. सहाव्या वर्षी जे झाकून जातं ते बाराव्या वर्षी उघडं पडतं, कारण तोवर आई दप्तर भरत होती आणि आता ते मुलाला भरायचं असतं.

पायरी 7: शाळेला सांगताना

शिक्षकांना आजाराचं जीवशास्त्र नको असतं. एक पान पुरे. त्यावर: सूचना एका वेळी एकच द्या आणि फळ्यावर लिहा, कामाची लांबी कमी करा, अवघडपणा कमी करू नका, वेळ थोडा जास्त द्या, दुसऱ्याचा डबा खायला देऊ नका, जेवणाच्या किंवा औषधाच्या वेळेला आडवं येऊ नका. खालच्या ओळीत, ठळक: मूल पेंगुळलं, उलट्या करू लागलं किंवा असंबद्ध बोललं, तर झोपू न देता लगेच फोन. ज्यांच्यात अमोनिया चढू शकतो किंवा साखर उतरू शकते, त्यांच्यासाठी ही ओळ बाकी सगळ्या पानाहून मोलाची. असाच एक आणीबाणीचा कागद दवाखान्यात दाखवायलाही डॉक्टरांकडून घेऊन ठेवा.

पायरी 8: औषधं

चंचलतेसाठी, फिटच्या झटक्यांसाठी किंवा मूडसाठी औषध सुचवलं तर आजाराचं नाव आपणहून सांगा, समोरच्याला माहीत असेल असं धरू नका. व्हॅल्प्रोएट हे झटक्यांवरचं नेहमीचं औषध युरिया चक्राच्या दोषात अमोनिया चढवू शकतं आणि तिथे ते टाळतात. पीकेयूत अस्पार्टेम हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ बघावा लागतो, कारण त्यातून फेनिलअलानिन मिळतं. ते बिनसाखरेच्या पेयांत असतं तसं मुलांच्या चघळायच्या गोळ्यांत आणि सिरपांतही सापडतं. चंचलतेची औषधं पीकेयूच्या मुलांनाही देतात, पण त्याआधी मागच्या काही महिन्यांचे आकडे एकदा सगळ्यांनी समोर ठेवून बघावेत. चालू असलेलं औषध मात्र हा लेख वाचून थांबवू नका.

पायरी 9: थांबून न राहण्याची चिन्हं

येत असलेली गोष्ट जायला लागली तर वही, सहा आठवडे वगैरे सगळं बाजूला. वाचता येणारं मूल अडखळू लागलं, अक्षर बिघडलं, नजर किंवा ऐकणं कमी झालं, चाल बदलली, गिळायला त्रास झाला, वर-खाली बघताना डोळे अडू लागले, तर त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. 4 ते 10 वर्षांच्या मुलग्यांत अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा मेंदूची हानी करणारा आनुवंशिक आजार आधी निव्वळ चंचलतेसारखा दिसतो, आणि त्याच्या उपचाराला वेळेची मर्यादा आहे. विल्सनच्या आजारात तांबं साचतं आणि काही मुलांत सुरुवात मार्क घसरण्याने, चिडचिडीने होते. तो औषधांनी आटोक्यात येतो. रात्र-रात्र न झोपणारं, कमालीचं अस्वस्थ मूल आणि हळूहळू हरवत जाणारी भाषा असेल तर सॅनफिलिपो या आनुवंशिक आजाराचा विचार व्हायला हवा. हे आजार सौम्य नाहीत. पण सुरुवातीला तसेच दिसतात.

पायरी 10: सूत्रं मुलाकडे देताना

भावंडांची तपासणी राहिली असेल तर आधी ती करून घ्या. पीकेयू असलेल्या मुलीला वयात येताना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: गर्भ राहण्याआधीपासून पातळी 120 ते 360 मध्ये असायला हवी, कारण वाढलेलं फेनिलअलानिन बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला इजा करतं, बाळाला स्वतःला आजार नसला तरी. तिच्या सौम्यपणाची पोटातल्या बाळाला हमी नसते.

आणि पातळी तपासायला घरी रक्ताचा थेंब घेण्यासाठीची बोटाची टोचणी. दहा-अकराव्या वर्षी बहुतेक मुलं ती स्वतः करू शकतात. पहिल्यांदा थेंब कागदावर फराटा होऊन पसरतो, दुसऱ्यांदा गोल अर्धाच भरतो, तिसऱ्यांदा नीट जमतं. आकडा आला की तो वहीत मुलालाच लिहू द्या, आणि शेजारी त्या दिवसांत डोकं कसं चाललं होतं तेही त्याच्याच शब्दांत. आकडा वाईट आला तर त्या वेळी फक्त ‘बरं’ म्हणा. रागावलात तर पुढचा आकडा तुम्हाला कळेलच असं नाही.